दोरी हलेना: जाम झालेलं चेनसॉचं इंजिन घरी कसं तपासायचं, कसं सोडवायचं

गणपती गेले की आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत दरवर्षी एक काम निघतं. पावसात मोडून पडलेल्या सोनमोहराच्या फांद्या कंपाउंडला टेकून वाळत असतात, त्या तोडून हलवायच्या. मग पंपरूममधली चेनसॉ बाहेर येते. गेल्या वर्षी ती बाहेर आली आणि तिची दोरीच हलेना. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मशीनवर पाय ठेवून दोन्ही हातांनी ओढून पाहिली. "अहो, खांदा उखडायचा माझा. इंजिन बसलं हे. मीटिंगमध्ये नवीचा विषय घ्या," म्हणाले.

नवी घ्यावी लागली नाही. सोसायटीच्या पैशातून गेली ती एक पॅकिंग आणि अर्धी वाटी तेल. मला हे जमलं, कारण त्याआधी मुरबाडच्या वाडीवरची माझी स्वतःची मशीन मी दोनदा जाळली होती. पहिल्यांदा चुकून. दुसऱ्यांदा शुद्ध मूर्खपणाने: जाम होण्यामागे आणखी काही कारण आहे का हे न शोधताच नवा बोअर-पिस्टन (सिलिंडर आणि त्यात वर-खाली होणारा पिस्टन) टाकला, आणि दुसऱ्याच टाकीला ती पुन्हा चिकटली. उभी नोकरी वागळे इस्टेटमध्ये टूलरूममध्ये काढलेल्या माणसाने हे करावं, म्हणजे बघा. म्हणून या लेखात पाना कसा फिरवायचा यापेक्षा कारण कसं ओळखायचं यावर जास्त भर आहे.

(पडलेली फांदी वेगळी. उभ्या झाडाला हात लावायचा असेल तर आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी. १९७५ चा कायदा आहे आणि तो सोसायटीच्या आवारातल्या झाडालाही लागू होतो.)

आधी इंजिनच जाम आहे का ते बघा

मशीन काम करता करता बंद पडली असेल तर तासभर तिला हात लावू नका. तापलेला पिस्टन फुगून चिकटलेला असतो. पुष्कळदा थंड झाल्यावर तो आपोआप सुटतो. गरम असताना दोरीला झटके दिले तर वरवरचा ओरखडा खोल जातो.

पहिलं काम स्पार्क प्लग काढण्याचं. बटण बंद, प्लगची टोपी काढून लांब, आणि मग मशीनबरोबर आलेल्या पान्याने प्लग सोडवा. आता दोरी हळू ओढा. सहज आली आणि प्लगच्या भोकातून पेट्रोलची पिचकारी उडाली, तर इंजिनला काहीही झालेलं नाही. कार्ब्युरेटरची सुई गळून सिलिंडर पेट्रोलने भरलं होतं. द्रव दाबला जात नाही, म्हणून पिस्टन वर जाईना. मशीन उलटी धरून ते निथळू द्या, दहाबारा वेळा दोरी ओढा, प्लग सुकवून बसवा आणि सुईकडे नंतर बघा. एवढ्यासाठी लोक मशीन भंगारात देतात. हे करताना तोंड भोकासमोर नको, आणि जवळपास ठिणगी किंवा ज्योत नको. बाल्कनीत बसून काम करणाऱ्यांनी आतल्या देवघरातल्या निरांजनाचाही विचार करावा. मी हे सगळं गच्चीवर करतो.

प्लग काढूनही दोरी येत नसेल तर दोरीच्या बाजूचं झाकण खोला. चार स्क्रू असतात. झाकण हातात आलं की त्याची दोरी वेगळी ओढून पाहा. इथेच अडकत असेल तर स्प्रिंग उसळलेली आहे किंवा दोरी पुलीच्या कडेला जाऊन बसली आहे. इंजिनचा दोष नाही. झाकणाखालच्या फ्लायव्हीलला, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला मॅग्नेट म्हणतात त्याला, हाताने फिरवा. त्याच्या पंखांत भुसा, सुतळी, सुटलेला स्क्रू अडकलेला नाही ना ते बॅटरी मारून पाहा. ठिणगी देणाऱ्या कॉइलचे स्क्रू ढिले होऊन कॉइल मॅग्नेटला जाऊन चिकटल्याचंही मी पाहिलं आहे. त्या दोघांत व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी, ०.३ मिमीच्या आसपास.

आता दुसरी बाजू. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: चेन ब्रेक लागला असेल तर दोरी ओढली जात नाही. चुकीचं आहे. ब्रेक क्लचच्या ड्रमला, म्हणजे चेन फिरवणाऱ्या वाटीला, धरतो आणि दोरी ओढण्याच्या वेगाला क्लच ड्रमला लागलेलाच नसतो. ब्रेक लावून इंजिन चालू करायचं हीच तर बरोबर पद्धत. मात्र क्लचची स्प्रिंग तुटून त्याचा शू (ड्रमला आतून धरणारा तुकडा) ड्रममध्ये रुतला असेल तर ब्रेक, चेन आणि इंजिन एकत्र अडकतात. म्हणून ब्रेक सोडा (झाकण काढण्याआधीच, नाहीतर परत बसताना त्रास देतो), बार आणि चेन उतरवा, ड्रम हाताने फिरवून बघा. चेनला हात लावताना हातमोजे. बंद मशीनची चेनसुद्धा कापते.

एवढं करूनही मॅग्नेट हलत नसेल तरच इंजिन जाम आहे असं म्हणायचं.

सायलेन्सरच्या खिडकीतून

लगेच सिलिंडर उघडू नका. सायलेन्सर काढा. दोन किंवा तीन बोल्ट असतात, बहुतेक ४ मिमी एलन कीचे. स्टिल, हस्कवर्नासारख्या मशीनना ताऱ्याच्या आकाराचा टी-२७ पाना लागतो. सायलेन्सर निघाला की समोर एक्झॉस्टचं भोक दिसतं आणि त्यातून पिस्टनची कड, नशीब असेल तर रिंगसुद्धा. मोबाइलची बॅटरी तिरपी मारा आणि घाई न करता पाहा. सगळ्या निदानातलं निम्मं काम या एका खिडकीतून होतं.

तपकिरी पावडर, रिंगच्या फटीत लालसर कड, पिस्टन मात्र गुळगुळीत असेल तर तो गंज आहे. आमच्या सोसायटीच्या मशीनमध्ये हेच होतं. बोअरला आतून कठीण मुलामा असतो, त्याला गंज लागत नाही. गंजते ती बिडाची रिंग. जून ते सप्टेंबर पंपरूममध्ये ओल असतेच, आणि पिस्टन खाली थांबलेला असेल तर सायलेन्सरपासून सिलिंडरपर्यंत हवेला सरळ वाट मोकळी. रिंग बोअरला धरून बसते.

पिस्टनवर उभे ओरखडे दिसत असतील, चांदीसारखे, नख अडकेल असे, तर अॅल्युमिनियम वितळून बोअरला लागलेलं आहे. आता प्रश्न असा की ओरखडे कुठल्या बाजूला आहेत. त्यासाठी कार्ब्युरेटर काढून इंटेकच्या, म्हणजे पेट्रोल-हवा आत येते त्या, बाजूनेही डोकवा.

दोन्ही बाजूंना ओरखडे, पिस्टन कोरडा ठणठणीत, तेलाचा ओशटपणा कुठेच नाही, रिंगच्या खाचा चोळवटलेल्या: पेट्रोलमध्ये तेल नव्हतं. या टू-स्ट्रोक इंजिनला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच. माझ्या पहिल्या जळणाचं कारण हेच. बाल्कनीत दोन सारखे पांढरे कॅन होते, एक मिश्रणाचा आणि एक जनरेटरसाठी ठेवलेल्या साध्या पेट्रोलचा. वाडीवर साधा गेला. फार वेळ लागला नाही. फणसाच्या एका ओंडक्यात मशीनचा आवाज आधी चढला, मग बारीक किंचाळल्यासारखा झाला आणि गप्प.

फक्त एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे असतील आणि पिस्टनचा माथा फिकट, कोरडा दिसत असेल तर मिश्रणात हवा जास्त जात होती. म्हणजे कुठून तरी गळती, नाहीतर कार्ब्युरेटरची सेटिंग कमी. त्याच बाजूला ओरखडे, पण जळक्या तेलाचा तपकिरी थर सोबत असेल, तर सिलिंडरच्या पंखांत भुसा भरून थंडावा बंद झाला होता. फक्त इंटेकच्या बाजूला पिस्टन मातकट, निस्तेज, बारीक रेघांनी झिजलेला असेल तर एअर फिल्टर फाटका आहे किंवा नीट बसत नाही, आणि लाकडाची धूळ आत जात होती. पिस्टनच्या माथ्यावर ठोकल्यासारखे खड्डे दिसले तर आत काहीतरी सुटलं आहे: सर्क्लिप (पिस्टनची पिन जागेवर धरणारी तारेची कडी) नाहीतर बेअरिंगची सुई. तिथे तेल ओतून वाट बघण्यात अर्थ नाही.

आणि पिस्टन, रिंग, बोअर सगळं स्वच्छ असूनही मॅग्नेट हलत नसेल तर क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचं, बेअरिंग गेलं. त्यासाठी क्रँककेस फोडावी लागते, बेअरिंग गरम-थंड करून बसवावी लागतात. माझं स्पष्ट मत: स्वस्त मशीन असेल तर इथे थांबा. चांगली असेल तर ज्याच्याकडे पुलर आणि प्रेस आहे अशा माणसाकडे द्या.

या खिडकीतून जे दिसलं त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे उपयोगी पडतो.

गंजाने धरली असेल तर

हा भाग सोपा आहे, फक्त संयम लागतो. टाकी रिकामी करा. अर्धं डिझेल आणि अर्धं टू-टी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचं तेच टू-स्ट्रोकचं तेल) एकत्र करून दोनतीन चमचे प्लगच्या भोकातून सोडा, तेवढंच एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टनच्या कडेला. डब्ल्यूडी-४० चालतो, पण तो उडून जातो, त्यामुळे मागाहून तेल लागतंच. प्लगचं भोक वर येईल अशी मशीन ठेवा आणि एक दिवस विसरून जा.

दुसऱ्या दिवशी मॅग्नेट दोन्ही तळव्यांत धरून पुढे-मागे डोलवा. एका दिशेला जोर नको, डोलवायचं. पंखांत स्क्रू ड्रायव्हर अडकवून तरफ लावू नका. पंख तुटला तर मॅग्नेटचा तोल जातो आणि नवा सहज मिळत नाही. अगदीच गरज पडली तर मॅग्नेटच्या नटावर सॉकेट लावून आवळण्याच्या दिशेने हलका दाब. प्लगच्या भोकातून सळई घालून पिस्टनवर हातोडी मारणारे महाभाग असतात. पिस्टनला खड्डा पडतो, दांडा वाकतो, गंज मात्र तिथेच राहतो.

आमची मशीन तीन दिवस घेऊन बसली. ऑक्टोबरचं ऊन होतं, म्हणून दुपारी गच्चीवर काळ्या पत्र्यावर ठेवायचो. अॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं, तेल आत शिरायला तेवढी जागा होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी 'टच्' असा बारीक आवाज आला आणि मॅग्नेट केसभर हलला. केसभर हलला म्हणजे जिंकलं. पुन्हा तेल, पुन्हा डोलवणं, आणि अर्ध्या तासात पूर्ण फेरा.

सुटल्यावर लगेच दोरी ओढत सुटू नका. गंजाची पावडर आत असते. ताजं मिश्रण थोडं आत ओतून हाताने फिरवा, मशीन उलटी करून ते बाहेर काढा, तीनचारदा करा. फिरवताना कान लावा. कुरकुर किंवा खरखर येत असेल तर गंज क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पोचला आहे. आवाज मऊ असेल तर सायलेन्सर नवी पॅकिंग घालून बसवा.

ओरखडे असतील तर सिलिंडर उघडायचं

हँडल, एअर फिल्टर, कार्ब्युरेटर, झाकणं उतरवत जा. प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या आणि स्क्रू पुठ्ठ्याला भोकं पाडून त्याच जागी टोचून ठेवा. लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला की मागची भिंत फोडतो. काही मशीनमध्ये सिलिंडरचा खालचा भाग क्रँकलाच धरून असतो. तसं असेल तर क्रँकही सोबत बाहेर येतो.

सिलिंडरचे चार बोल्ट तळाशी असतात, लांब दांड्याची एलन की लागते. बोल्ट निघाले की सिलिंडर सरळ वर ओढा. पिळू नका, रिंगचं टोक एखाद्या भोकात अडकून तुटतं. पिस्टन उघडा पडताच खालच्या तोंडात स्वच्छ फडक्याचा बोळा कोंबा. हे विसरलात आणि सर्क्लिप उडाली तर ती नेमकी क्रँककेसमध्येच जाते. तिला बाहेर काढायला मी एक अख्खा रविवार घालवला आहे.

आता कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) धरा. वर-खाली सरळ रेषेत ओढून ढकला. टक् टक् असा खेळ जाणवला तर मोठ्या टोकाचं बेअरिंग गेलं, वरचा खर्च वाया जाईल. डावी-उजवीकडे थोडा हलला तर ते ठीक आहे, तो तेवढा हलायलाच हवा.

पिस्टन ओरखडलेला असेल तर तो बदलायचाच. पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवणारे आहेत, मी करत नाही. प्रश्न बोअरचा असतो. पुष्कळदा बोअर कापला गेलेला नसतो, त्यावर पिस्टनचं अॅल्युमिनियम फासलं गेलेलं असतं. ते काढता येतं. मी २२० नंबरचा ओला पॉलिश पेपर बोटाभोवती गुंडाळून, डिझेल लावून, गोल आणि तिरपं घासतो, शेवटी ४०० ने. उभं घासू नका. तासभर हात दुखतो आणि हळूहळू काळसर राखाडी मुलामा पुन्हा दिसायला लागतो.

घट्ट बसलेला पट्टा असेल तर कॉस्टिक सोड्याचं पाणी कानकोरण्याच्या कापसाने फक्त त्या पट्ट्यावर. कॉस्टिक अॅल्युमिनियम खातो, मुलाम्याला हात लावत नाही. पट्टा संपला की फेस थांबतो. फेस थांबतच नसेल तर मुलामाच गेला आहे आणि कॉस्टिक आता सिलिंडरचं अंग खातोय: लगेच पाण्याने धुवा, सिलिंडर बाद. भोकांच्या कडांना ते लागू देऊ नका, तिथलं अॅल्युमिनियम उघडं असतं. चष्मा आणि रबरी हातमोजे घालूनच, आणि उघड्यावर, कारण निघणारा वायू पेट घेतो. संडास साफ करायचं अॅसिड वापरा असं कोणी सांगेल. स्वस्त मशीनच्या बोअरला क्रोमचा मुलामा असतो आणि ते अॅसिड क्रोमलाही सोडत नाही.

साफ झाल्यावर नख फिरवा. नख अडकलं तर बोअर-पिस्टनचा पूर्ण सेट घ्या. ठाण्यात शेती-अवजारांच्या दुकानांत नेहमीचे सेट मिळतात. नाही मिळाला तर मशीद बंदरची नागदेवी स्ट्रीट. जुना पिस्टन खिशात घालून जा आणि व्हर्नियर घेऊन जा: व्यास, गजन पिनची (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनची) जाडी, रिंगची जाडी. बाहेरून जुळी दिसणाऱ्या दोन मशीनचे बोअर वेगळे असतात. नुसतं "अठ्ठावन सीसीचा द्या" म्हणून आणलेला सेट मला एकदा परत करावा लागला.

बसवण्याआधी गळती शोधा

पहिल्या दुरुस्तीत मी इथेच चुकलो. साधं पेट्रोल गेलं हे कारण माहीत होतं, म्हणून दुसरं काही पाहिलंच नाही. पण कार्ब्युरेटर आणि सिलिंडरच्या मधल्या रबरी बुटाला आतल्या घडीत चीर होती. बाहेरून धडधाकट, वाकवला की चीर तोंड उघडायची. नव्या पिस्टनला त्या चिरेने मारलं.

गळती तपासायला वर्कशॉपमध्ये पंप असतो. घरी जुनं रक्तदाबाचं मशीन चालतं, घड्याळाच्या काट्यासारखं गेज आणि रबरी फुगा असलेलं. त्याचं ३०० चं निशाण म्हणजे ०.४ बार, आपल्याला तेवढंच हवं. जुन्या प्लगची चिनी माती फोडून काढा, उरलेल्या लोखंडी भागात नळी घालून एम-सीलने बुजवा. झाला अडॅप्टर. पिस्टन आणि सिलिंडर तात्पुरतं बसवा, सायलेन्सरच्या मागे सायकलच्या ट्यूबचा तुकडा दाबून आवळा, रबरी बुटाचं कार्ब्युरेटरकडचं तोंडही तसंच बंद करा. पिस्टन सगळ्यात खाली आणा म्हणजे वरची हवा क्रँककेसमध्येही जाते. आता फुगा दाबून काटा ३०० वर न्या.

मिनिटभर काटा जवळपास जागेवर राहिला तर उत्तम. खाली येत असेल तर साबणाचं पाणी ब्रशने लावत जा: सिलिंडरचा तळ, रबरी बूट, मॅग्नेटमागचं ऑइल सील, क्लचमागचं ऑइल सील. बुडबुडे जिथे, तिथे दोष. काही सील दाबाला धरतात आणि ओढीला सोडतात, त्यामुळे सील दहा वर्षांचं, कडक झालेलं असेल तर बुडबुड्यांची वाट न पाहता बदला.

क्लचमागच्या सीलसाठी क्लच काढावा लागतो. त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर तो सुटतो. आधी पिस्टन एक्झॉस्टचं भोक पार करून वर आलेला आहे याची खात्री करा, मग प्लगच्या भोकातून सुती किंवा नायलॉनची दोरी आत भरा म्हणजे पिस्टन दोरीवर अडतो. पिस्टन खाली असताना दोरी भरली तर ती भोकात शिरून कापली जाते. मॅग्नेटचा नट मात्र सरळ आट्यांचा असतो.

कार्ब्युरेटरही याच वेळी उघडा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडतात, डायफ्राम (कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा) कडक होतो, आणि कडक डायफ्राम पेट्रोल कमी ओढतो. त्याहून वाईट म्हणजे आपल्याकडची दमट हवा. इथेनॉल पाणी शोषतं, पुरेसं झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतं. टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतला फिल्टर तळाशी लोळत असतो, तो तेल नसलेलं तेच पाणी ओढतो. चार महिने भरून ठेवलेली टाकी म्हणजे हीच तयारी. डायफ्रामचा सेट, टाकीतला फिल्टर आणि नळी, तिन्ही नवीन टाका.

जोडणी

पिस्टनच्या माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे. सर्क्लिप नव्या, जुन्या पुन्हा वापरू नका. बसल्यावर त्यांचं तोंड वर किंवा खाली हवं, बाजूला नको. क्लिप खाचेत बसली की 'टिक्' होते, ती झाली नाही तर पुढे जाऊ नका. रिंग पिस्टनवर चढवण्याआधी बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. ०.२ मिमीच्या आसपास असली की मला समाधान वाटतं. टोकं एकमेकांना टेकत असतील तर ती रिंग तापल्यावर बोअरला घट्ट धरेल. पिस्टनच्या खाचेत एक बारीक खिळा असतो, रिंगची टोकं त्याच्या दोन्ही बाजूंना यायला हवीत.

बोअरला, पिस्टनला आणि गजन पिनच्या बेअरिंगला टू-टी ऑइल सढळ हाताने लावा. पिस्टनखाली खाच पाडलेली लाकडी पट्टी, रिंगभोवती बोटं किंवा केबल टाय, आणि सिलिंडर सरळ खाली. अडलं तर जोर लावू नका, वर उचला आणि रिंग पाहा. चार बोल्ट तिरके-तिरके, थोडे थोडे आवळा. क्रँककेसचे आटे मऊ धातूचे असतात, मनगटाचा जोर पुरे, दंडाचा नको. खालच्या तोंडातला बोळा काढलात ना?

सगळं बसल्यावर प्लग लावा आणि मशीन दोरीच्या मुठीला लटकवा. ती थांबत थांबत, धक्क्याधक्क्याने खाली आली तर कॉम्प्रेशन चांगलं. सरसर उतरली तर कुठेतरी गडबड. गेज असेल तर १३० पीएसआयच्या वर हवं, १०० च्या खाली मशीन चालू व्हायलाच कुरकुर करते.

पहिल्या तीन टाक्या

मिश्रण तुमच्या मशीनच्या झाकणावर लिहिलेलं असतं. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली तेल, २५:१ म्हणजे ४० मिली. बाजारातल्या बऱ्याच चिनी मशीन २५:१ मागतात आणि लोक त्यात ५०:१ घालतात. औषधाच्या मापाने किंवा सिरिंजने मोजा, अंदाजाने ओतू नका. तेल हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकचं, जेएएसओ एफडी लिहिलेलं. माझा मिश्रणाचा कॅन आता लाल टेपने गुंडाळलेला आहे आणि साध्या पेट्रोलचा कॅन दुसऱ्या खोलीत.

कार्ब्युरेटरचे एल (मंद गतीचा) आणि एच (फुल्ल रेसचा) हे दोन्ही स्क्रू हलके टेकेपर्यंत बंद करून एकेक फेरा उघडा. ही फक्त सुरुवात. पाचेक मिनिटं मंद चालू द्या, मधूनमधून रेस द्या, सतत फुल्ल नको. एल असा लावा की रेस दिल्यावर ती अडखळणार नाही. मंद चालताना चेन फिरता कामा नये, फिरत असेल तर आयडलचा स्क्रू कमी करा. एचसाठी कान लागतो: मोकळ्या फुल्ल रेसवर आवाज किंचित घोगरा, गुळण्या केल्यासारखा हवा, आणि लाकडात घातल्यावर तोच स्वच्छ व्हायला हवा. मोकळ्यावर आवाज सुरेल, तारस्वरात लागत असेल तर एच थोडा उघडा. तोच आवाज मी फणसाच्या ओंडक्यात ऐकला होता.

पहिल्या टाकीला मनगटाएवढ्या फांद्या. दुसऱ्या-तिसऱ्या टाकीला थोड्या जाड, पण एका दमात ओंडका आरपार नको. तिसरी टाकी संपल्यावर मशीन गरम असताना बंद करा, थंड होऊ द्या आणि प्लग काढून पाहा. टोक भाजक्या विटेच्या किंवा चहाच्या रंगाचं असेल तर बसवा आणि कामाला लागा. काळं, ओलं असेल तर एच थोडा बंद करा. पांढरंफटक असेल तर आधी एच थोडा उघडून बघा, आणि तरीही पांढरंच राहिलं तर मशीन लाकडात घालू नका. रक्तदाबाचा फुगा पुन्हा बाहेर काढा.